देयधम्म, चातुद्दिस संघ आणि संशोधनाचा मुक्त प्रवेश

शिरगावच्या परिसरात राहणाऱ्या अभ्यासकाला प्राचीन दानलेख पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. घोरावडीच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. पवन मावळात बेडसे आहे. लोहमार्गाने थोडे पुढे गेले की भाजे आणि कार्ले येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत ज्यांनी लेणी कोरविली, स्तंभ उभे केले, पाण्याची टाकी खोदविली, त्यांची नावे तेथील भिंतींवर आजही वाचता येतात. शेलारवाडीच्या एका लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची पत्नी सिअगुतनिका हिने आपल्या नंद नावाच्या मुलासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. बेडसे येथे नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे नाव आहे. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले. तेथील लेखांत यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि सोपाऱ्याचा एक धम्मभाणकही आहे. अशा दानलेखांत दानाला एक विशेष शब्द योजिलेला आढळतो. तो शब्द म्हणजे ‘देयधम्म’.

या दात्यांनी धन दिले, परंतु त्या धनातून जे निर्माण झाले त्याला कुलूप लावले नाही. ते कोणासाठी खुले राहील हेही त्यांनी अनेक ठिकाणी कोरून ठेवले. आज विज्ञानाच्या क्षेत्रात नेमका हाच प्रश्न जगभर चर्चिला जात आहे. संशोधनासाठी जो पैसा देतो त्याने, त्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजे, असा आग्रह धरावा काय? या तत्त्वाला इंग्रजीत ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात. आपण त्यास ‘मुक्त प्रवेश’ म्हणू. हा प्रश्न काय आहे, निधी देणाऱ्या संस्थांनी त्यावर कोणती भूमिका घेतली आणि धम्माच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

चातुद्दिस संघाची संकल्पना

विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात अनाथपिण्डिकाने जेतवन दान दिल्याची कथा सर्वपरिचित आहे. जेतवन त्याने समोर बसलेल्या भिक्खूंपुरते दिले नाही. आलेल्या आणि अद्याप न आलेल्या, चारही दिशांच्या संघाला ते अर्पण करण्यास भगवंतांनी त्याला सांगितले. ‘आगतानागत चातुद्दिस संघ’ ही ती सुप्रसिद्ध संज्ञा होय. ‘अनागत’ या पदाचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. जो अजून जन्मलाही नाही, त्याचाही या दानावर हक्क आहे.

याच खन्धकात पुढे पाच प्रकारच्या वस्तू अविस्सज्जिय, म्हणजे कोणालाही देऊन टाकता न येण्याजोग्या, ठरविल्या आहेत. आराम आणि आरामाची भूमी, विहार आणि विहाराची भूमी, मंचक-पीठादी साहित्य, लोखंडी भांडी व हत्यारे, आणि वेली, बांबू, माती, लाकूड यांच्या वस्तू. या गोष्टी एखाद्या भिक्खूने, गणाने अथवा प्रत्यक्ष संघानेही कोणाला देऊन टाकल्या, तरी ते देणे ग्राह्य होत नाही. जे चारही दिशांचे आहे ते एका दिशेच्या स्वाधीन करण्याचा अधिकार तेथे उपस्थित असलेल्यांना नाही, हे यामागील तत्त्व आहे.

कार्ल्याच्या लेखांत हे तत्त्व व्यवहारात उतरलेले दिसते. नहपानाचा जावई उसभदात याने वालूरक येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले. ते चारही दिशांच्या संघासाठी दिले होते. त्याहून उद्बोधक लेख पुळुमावीच्या चोविसाव्या राज्यवर्षातील आहे. हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप दान दिला. हा मंडप महासांघिकांच्या परिग्रहात, म्हणजे त्यांच्या ताब्यात, राहावयाचा होता, परंतु दान मात्र चातुद्दिस संघाला होते. सांभाळ एका निकायाकडे आणि हक्क सर्वांचा, अशी ही रचना आहे. सांभाळणारा आणि मालक हे दोन वेगळे असू शकतात, हा विचार त्या उपासकाला दोन हजार वर्षांपूर्वी स्पष्ट होता. मुक्त प्रवेशाचा सारा वाद याच भेदाभोवती फिरतो.

शास्त्रीय निबंधाचा व्यवहार

आधुनिक शास्त्रीय निबंध कसा तयार होतो ते प्रथम पाहू. एखादा शास्त्रज्ञ शासनाच्या अथवा धर्मादाय न्यासाच्या निधीतून प्रयोग करतो. निष्कर्षांचा निबंध लिहून तो नियतकालिकाकडे पाठवितो. त्याबद्दल त्याला मानधन मिळत नाही. संपादक तो निबंध त्या विषयातील अन्य तज्ज्ञांकडे परीक्षणार्थ पाठवितात. परीक्षकही बहुतेक वेळा विनामोबदला काम करतात. निबंध स्वीकारला गेला की लेखक एका करारावर सही करून आपले प्रकाशन-हक्क प्रकाशकाला देऊन टाकतो. मग प्रकाशक ते नियतकालिक वार्षिक वर्गणी घेऊन ग्रंथालयांना विकतो. ज्या विद्यापीठाने शास्त्रज्ञाला वेतन दिले, त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय त्याचा निबंध पुन्हा विकत घेते. जनतेने कराच्या रूपाने आधीच पैसा दिलेला असतो. त्याच जनतेतील एखाद्या व्यक्तीने तो निबंध वाचू म्हटले, तर एका निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जातात.

छपाई आणि टपाल यांना मोठा खर्च येत होता तोवर या व्यवस्थेचे समर्थन करता येत होते. संगणकाच्या महाजालामुळे एका प्रतीची हजार प्रती करण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, तरीही वर्गणीचे दर वाढतच गेले. या विसंगतीतून मुक्त प्रवेशाची चळवळ उभी राहिली. २००२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्ट येथील घोषणापत्राने तिची व्याख्या केली आणि २००३ च्या ऑक्टोबरात बर्लिन येथे आणखी एक घोषणापत्र निघाले.

व्यवहारात मुक्त प्रवेशाचे तीन मार्ग रूढ झाले. पहिल्या मार्गात लेखक आपल्या स्वीकृत निबंधाची प्रत एखाद्या सार्वजनिक भांडारात ठेवतो. त्यास हरित मार्ग म्हणतात. दुसऱ्यात नियतकालिकच निबंध सर्वांना खुला करते आणि त्यासाठी लेखकाकडून अथवा त्याच्या संस्थेकडून शुल्क घेते. हा सुवर्णमार्ग होय. तिसऱ्यात वाचकाकडून काही घेतले जात नाही आणि लेखकाकडूनही नाही. खर्च एखादी संस्था, विद्वत्सभा किंवा दाता सोसतो. याला हिरक मार्ग असे नाव पडले आहे. आपल्या परंपरेतील देयधम्माशी याच तिसऱ्या मार्गाचे नाते सर्वांत जवळचे आहे.

निधीदात्याची बांधिलकी

लेखकाला आपला निबंध खुला असावा असे वाटले तरी तो एकटा फारसे काही करू शकत नाही. त्याची बढती प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून येण्यावर अवलंबून असते आणि करार प्रकाशकाच्या हाती असतो. ग्रंथालयांची स्थितीही अशीच आहे. या साखळीत एकाच घटकाला अट घालता येते. तो घटक म्हणजे पैसा देणारा.

ही गोष्ट ब्रिटनमधील वेलकम ट्रस्टने प्रथम ओळखली. औषधनिर्माते हेन्री वेलकम यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संपत्तीतून १९३६ मध्ये हा न्यास स्थापन झाला. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात ब्रिटनच्या वाट्याचे काम प्रामुख्याने त्याच्या निधीतून झाले. १९९६ मध्ये बर्म्युडा येथील बैठकीत या प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी ठरविले की, उलगडलेली जनुकीय माहिती शक्यतो चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुली करावयाची. पुढे एका खासगी कंपनीने तीच माहिती स्वतंत्रपणे मिळवून व्यापारी तत्त्वावर देण्याचा उपक्रम आरंभिला. तेव्हा सार्वजनिक प्रकल्प मागे पडू नये म्हणून या न्यासाने आपला निधी वाढविला. मानवी शरीराची ही आद्य संहिता आज कोणाही अभ्यासकाला विनामूल्य पाहता येते, यामागे दात्यांचा हा आग्रह आहे.

२००३ आणि २००४ मध्ये न्यासाने शास्त्रीय प्रकाशनाच्या अर्थव्यवहाराची तपासणी करून दोन अहवाल प्रसिद्ध केले. संशोधनाच्या एकूण खर्चाच्या मानाने प्रकाशनाचा खर्च अल्प असतो, हे त्यातून पुढे आले. मग २००५ च्या ऑक्टोबरपासून न्यासाने नवीन अनुदानांना अट घातली. आपल्या पैशातून झालेल्या संशोधनावरील निबंध प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांच्या आत सार्वजनिक भांडारात ठेवलाच पाहिजे, अशी ती अट होती. निधी देणाऱ्या संस्थेने घातलेली अशा प्रकारची ही पहिली बंधनकारक अट मानली जाते. प्रारंभी तिचे पालन पूर्णपणे होत नव्हते. म्हणून २०१२ मध्ये न्यासाने जाहीर केले की, निबंध खुले झाल्याचे दिसेपर्यंत अनुदानाचा अखेरचा दहा टक्के हप्ता रोखून धरला जाईल. केवळ सदिच्छा व्यक्त करणे आणि बांधिलकी पत्करणे यांतील अंतर या एका निर्णयात दिसून येते.

इतरांनी हळूहळू तोच मार्ग धरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ पासून, कायद्याच्या आधारे, बारा महिन्यांच्या आत निबंध खुले करण्याचे बंधन घातले. २०२५ च्या जुलैपासून ही बारा महिन्यांची सवलतही राहिलेली नाही. २०१८ मध्ये युरोपातील अनेक निधीसंस्थांनी एकत्र येऊन ‘प्लॅन एस’ नावाची योजना जाहीर केली. निबंध प्रसिद्ध होताक्षणीच खुला असला पाहिजे, असे तिचे सूत्र आहे. २०२१ पासून वेलकम ट्रस्टही विलंबास मुभा देत नाही.

भारतातील स्थिती

आपल्या देशात विज्ञानसंशोधनाचा बहुतांश खर्च शासन करते. तेव्हा येथे दाता म्हणजे शेवटी करदाता होय. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने संयुक्त धोरण जाहीर केले. त्यानुसार या विभागांच्या निधीतून झालेल्या संशोधनावरील स्वीकृत निबंधाची प्रत संस्थेच्या भांडारात ठेवणे अपेक्षित आहे. त्या धोरणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट नमूद आहे. पुढील निधी देताना संशोधनाचा अंगभूत दर्जा पाहिला जावा, ते कोणत्या नियतकालिकात छापून आले त्याचे नाव पाहिले जाऊ नये. हे तत्त्व अमलात आले तर लेखकावरील दडपण पुष्कळच कमी होईल. खेदाची बाब ही की, कागदावरील धोरण आणि प्रत्यक्ष पालन यांत आपल्याकडे मोठी तफावत राहिली. अखेरचा हप्ता रोखण्यासारखी ठोस व्यवस्था न केल्यामुळे कित्येक संस्थांची भांडारे अपुरी राहिली आहेत.

याउलट, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केलेल्या एका नियमाचे फळ ठळकपणे दिसते. त्यानुसार विद्यावाचस्पती पदवीच्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. पाली, प्राकृत, बौद्ध अध्ययन आणि मराठी या विषयांतील कितीतरी प्रबंध, जे पूर्वी विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडले असते, ते आज खेड्यातील विद्यार्थ्यालाही वाचता येतात.

२०२४ च्या २५ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद करून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक तिचे लाभार्थी आहेत. योजनेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिला मुक्त प्रवेश म्हणता येणार नाही. येथे कुलूप तसेच आहे, शासनाने काही लोकांसाठी किल्ल्या विकत घेतल्या आहेत, आणि त्याही ठराविक मुदतीच्या. जो शासकीय संस्थेत नाही, तो बाहेरच राहतो. विहाराशी निगडित छोटी संस्था, खासगी महाविद्यालयातील शिक्षक, निवृत्त अभ्यासक, विपत्रे वाचून दाखविणारा हौशी लेणी-अभ्यासक, हे सारे चौकटीबाहेर आहेत. विनयाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे दान उपस्थित संघाला आहे, आगतानागत चातुद्दिस संघाला नव्हे.

याचा परिणाम आपल्या अभ्यासावर कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. कार्ल्याच्या लेखांचे सेनार याने केलेले वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. त्यापूर्वी १८८१ मध्ये बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांतील लेख प्रसिद्ध केले होते. हे जुने ग्रंथ आज विनामूल्य मिळतात. त्यानंतर झालेले कित्येक नवे संशोधन मात्र परदेशी नियतकालिकांत कुलूपबंद आहे. साहजिकच आपल्या धम्मसहलींच्या पुस्तिकांत आणि व्याख्यानांत शंभर वर्षांपूर्वीचेच वाचन उद्धृत होत राहते. मावळातील मुले ज्या डोंगरावर रोज पाहतात, त्या डोंगरावरील अक्षरांचा नवा अर्थ त्यांना विकत घ्यावा लागतो. तो विकत घेण्याची ऐपत बहुतेकांची नसते, म्हणून ती त्या चर्चेत सहभागीच होऊ शकत नाहीत. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले गेले, त्याला या नव्या कुलपाची वेदना अधिक जाणवली पाहिजे.

पाली वाङ्मय आणि त्याचे दाते

धम्मवाङ्मयाच्या बाबतीत दात्यांनी वेळोवेळी दाखविलेली दृष्टी या संदर्भात आठवते. ब्रह्मदेशाच्या मिंडॉन राजाने १८६८ मध्ये पूर्ण झालेल्या कार्यात मंडाले येथे ७२९ संगमरवरी शिलांवर तिपिटक कोरविले. ज्याला अक्षरओळख आहे त्याने यावे आणि वाचावे, अशी ती सोय होती. सयामचा राजा चुलालंकरण याने आपल्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १८९३ च्या सुमारास सयामी लिपीत ३९ खंडांत तिपिटक छापविले आणि जगभरातील विद्यापीठांना व ग्रंथालयांना ते भेटीदाखल पाठविले. १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी स्थापिलेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या आरंभीच्या वर्गणीदारांत सिंहलद्वीपातील भिक्खूही होते. हार्वर्ड येथील प्राच्यविद्या ग्रंथमालेला हेन्री क्लार्क वॉरन या पाली पंडिताने आपली संपत्ती दिली. त्याने हाती घेतलेली विसुद्धिमग्गाची संहिता आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी सिद्ध केली. ती १९५० मध्ये, म्हणजे दोघांच्याही पश्चात, त्याच मालेत प्रसिद्ध झाली.

देवनागरी वाचकाला मूळ तिपिटक प्रथम सलगपणे उपलब्ध झाले ते भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली १९५६ ते १९६१ या काळात निघालेल्या नालंदा आवृत्तीच्या ४१ खंडांमुळे. तोही शासकीय निधीचाच प्रताप होता. महाराष्ट्रापुरते पाहता इगतपुरी येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या विपश्यना विशोधन विन्यासाचे कार्य या विषयाचे सर्वोत्तम उदाहरण ठरते. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या छट्ठ संगायनात निश्चित केलेला पाठ, अट्ठकथा व टीका यांसह, या संस्थेने देवनागरीत १४० खंडांत आणला. पुढे १९९७ च्या सुमारास तो संगणकीय तबकडीवर आणि नंतर महाजालावर अनेक लिप्यांत विनामूल्य उपलब्ध केला. हा सर्व खर्च साधकांच्या दानातून झाला. आज एखादा शब्द संपूर्ण तिपिटकात कोठे कोठे आला आहे ते क्षणार्धात पाहता येते. आमच्या आधीच्या पिढीला ज्या कामात महिने जात, ते आता मिनिटांचे झाले आहे.

पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांचेही असेच आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी येथून जवळच देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ही आपल्या परिसराच्या अभिमानाची गोष्ट. त्यांचे समग्र लेखन महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून अल्प किमतीत खंडशः प्रसिद्ध केले. हे खंड आज संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. शासनाने हा खर्च केला नसता तर ते विचार वाडीवस्तीपर्यंत या प्रमाणात पोहोचले नसते.

काही आक्षेपांचा विचार

मुक्त प्रवेशाविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत. पहिला आक्षेप खर्चाचा. सुवर्णमार्गात लेखकाकडून घेतले जाणारे शुल्क काही ठिकाणी प्रचंड आहे. ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकाने २०२० मध्ये एका निबंधासाठी ९,५०० युरो इतके शुल्क जाहीर केले. वाचकासमोरील कुलूप काढून ते लेखकासमोर लावले, तर अन्याय केवळ जागा बदलतो. गेट्स फाउंडेशनने २०२५ पासून असे शुल्क देणेच बंद केले आहे, ते याच विचाराने. तात्पर्य, मुक्त प्रवेश म्हणजे लेखकशुल्क असे समीकरण मांडणे चुकीचे आहे.

दुसरा आक्षेप दर्जाचा. शुल्क घेऊन काहीही छापणारी नियतकालिके भारतात मोठ्या संख्येने निघाली. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अनुदान आयोगाच्या तत्कालीन मान्य यादीतीलही कितीतरी नियतकालिके निकृष्ट असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर याच विद्यापीठाच्या साहाय्याने नवी यादी करण्यात आली. ती व्यवस्थाही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. आता पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि वाचकांवर आली आहे. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांचा येथे उपयोग होईल. कोणीही सांगितले, अगदी संघाने किंवा थोर थेरांनी सांगितले, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच झिडकारूही नये. ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, असा तो उपदेश आहे. ताडून पाहावयाचे तर मूळ साधने हाती हवीत. म्हणून खुलेपणा हा परीक्षणाचा शत्रू नसून त्याची पूर्वअट आहे.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. खुले केलेले लेखन कोणी विपर्यस्त करील किंवा त्यावर धंदा करील, अशी भीती असते. त्यासाठी परवान्यांची व्यवस्था आहे. लेखकाचे नाव देणे बंधनकारक करता येते, व्यापारी उपयोगास मनाई करता येते, मजकुरात बदल करण्यास प्रतिबंध घालता येतो. भन्ते सुजातो यांनी मात्र चार निकायांचे आपले इंग्रजी भाषांतर २०१८ मध्ये कोणतीही अट न ठेवता जगाला दिले. ज्याने त्याने आपली मर्यादा ठरवावी, पण ती विचारपूर्वक ठरवावी.

आपले कर्तव्य

दीघनिकायात भगवंतांनी आनंदाला सांगितले आहे की, तथागताची आचार्यमुष्टी नाही, आत-बाहेर असा भेद न ठेवता धम्म सांगितला आहे. अङ्गुत्तरनिकायात चंद्र आणि सूर्य यांच्यासमवेत तथागताचा धम्मविनय उघडा असता प्रकाशतो असे म्हटले आहे. हे आपण प्रवचनांत आवर्जून सांगतो. परंतु विहाराशी निगडित संस्थांचा आपला स्वतःचा व्यवहार तपासला, तर काय दिसते? आपल्या नियतकालिकांचे जुने अंक मोजक्या कपाटांत पडून आहेत. परिषदांतून वाचलेले निबंध स्मरणिकेत छापले जातात आणि स्मरणिका समारंभाबरोबर संपते. ते लेखन विकले जात नाही, हे खरे. पण ते मिळतही नाही. ज्ञान कुलपात ठेवणे आणि अडगळीत टाकणे यांचा परिणाम जिज्ञासूच्या दृष्टीने एकच होतो. बंद मूठ आपलीही आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. जुने अंक छायांकित करून सार्वजनिक भांडारात ठेवणे एखाद्या संस्थेला वर्षभरात जमण्यासारखे आहे. मात्र तत्पूर्वी हयात लेखकांची अथवा त्यांच्या वारसांची संमती घेणे आवश्यक आहे, कारण अदत्तादानाने आरंभ झालेले दान शुद्ध राहत नाही. ज्यांच्या हक्कांची साठ वर्षांची मुदत संपली आहे, त्यांच्या बाबतीत ही अडचण नाही. धर्मानंद कोसंबींचे स्वतःच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २००८ पासून आणि बाबासाहेबांचे तसेच लेखन २०१७ पासून सर्वांचे झाले आहे. यापुढे लेख स्वीकारताना हक्क लेखकाकडेच राहतील आणि लेख सर्वांना वाचावयास खुला राहील, असे एका वाक्याचे संमतिपत्र घेतले तरी पुरेसे आहे.

सर्वांत महत्त्वाचे आवाहन दात्यांना आहे. उपासक-उपासिका ग्रंथप्रकाशनासाठी, परिषदांसाठी, शिष्यवृत्तीसाठी श्रद्धेने दान देतात. त्या दानाच्या पावतीवर आपले नाव यावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. त्यांनी आणखी एक गोष्ट मागावी. माझ्या दानातून जे लिहिले जाईल ते चारही दिशांना खुले राहील काय, एवढे त्यांनी संस्थेला विचारावे आणि तसे लिहून घ्यावे. वेलकम ट्रस्टने कोट्यवधी पौंडांच्या अनुदानाबाबत जे केले, ते शे-दोनशे रुपयांचे दान देणाऱ्यालाही करता येते. अट घालण्याचा अधिकार रकमेवर अवलंबून नसतो.

सिअगुतनिका ही एका शेतकऱ्याची पत्नी होती. तिने दिलेल्या लेण्यात कोण येऊन राहील, हे तिला ठाऊक नव्हते. आज त्या लेण्यासमोर उभा राहून कोणीही तिचे नाव वाचू शकतो. तिच्या लेखाविषयी जे लिहिले जाईल तेही तितकेच खुले असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

भवतु सब्ब मंगलं.